एका थेंबाचे नऊ वाटे

शंभर सीसीची साधी मोटरसायकल चाळीसच्या स्पीडने चालली असेल, तर तिच्या इंजिनात दर किलोमीटरला सुमारे ३,००० वेळा जाळ होतो. लिटरला ६० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं तर त्या किलोमीटरला पेट्रोल लागतं १६-१७ मिलिलिटर, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास थेंब. भागाकार करून बघा. पेट्रोलच्या एका थेंबाचे नऊ वाटे पडतात आणि एकेका वाट्यावर दोन माणसांसकट गाडी फूटभर पुढे सरकते. ५०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीत हे वाटप पंधरा कोटी वेळा झालेलं असतं.

वाटे पाडणारी वस्तू हाताच्या मुठीत मावते. तिचं नाव कार्बोरेटर. त्यात सेन्सर नाही, चिप नाही, वीजही नाही. पितळेचे दोन जेट, त्यांना पाडलेली बारीक भोकं, एक तरंगणारा फ्लोट आणि आतून वाहणारी हवा, एवढ्यावर सगळं काम चालतं. पेचकस आणि दोन-चार पाने हाताशी असतील, तर नवशिक्या माणसालाही तो उघडून बघता येतो. जुनी गाडी घेऊन ती नीट चालू करणं यात मला जे अप्रूप वाटतं, ते हेच.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात शिफ्ट सुटायच्या वेळी किलवणी नाक्यावर उभे राहा. मसाट, आमली, पिपरिया, रखोली या भागातल्या धाग्याच्या, कापडाच्या, प्लास्टिकच्या कारखान्यांतून माणसं घराकडे निघालेली असतात, आणि त्यांच्या बुडाखाली बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असते. डीएन ०९ ही दादरा-नगर हवेलीची जुनी नंबरप्लेट, जीजे १५ वलसाडची, एमएच ०४ ठाण्याची, एमएच ४८ वसईची. गुजरात आणि महाराष्ट्राच्या बेचक्यात बसलेला हा अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यामुळे जुन्या गाड्या इथे सगळ्या बाजूंनी येतात. कोणी गावी परतताना विकतो, कोणाची अंगणात ताडपत्रीखाली दोन पावसाळे पडून राहते. पहिली गाडी घेणाऱ्या पोराच्या हाती बहुधा अशीच एखादी लागते. भाव परवडणारा असतो, टाकी चमकवलेली असते, आणि किक मारून मारून पाय दुखला तरी इंजिन हुंकार देत नाही.

अशी गाडी घ्यावी का? मी म्हणेन, शिकायचं असेल तर जरूर घ्यावी, आणि लवकर घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि पेट्रोल मोजून द्यायचं काम बहुतेक सगळ्या नव्या मोटरसायकलींत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनकडे गेलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, आणि डीएन ०९ ही पाटी जुनी झाली. म्हणजे डीएन ०९ची पाटी लावून फिरणारी शंभर सीसीची गाडी दिसली, की ती बहुधा कार्बोरेटरवालीच समजा. इंजेक्शनची गाडी उत्तमच चालते, पण तिच्या पोटात काय चाललंय ते कळायला स्कॅनर लागतो. कार्बोरेटरच्या गाडीला डोळे, नाक आणि बोटं पुरतात. डोळ्यांना सगळं दाखवणारी ही शेवटची पिढी आहे.

त्यातही हीरो होंडाची सीडी १०० (१९८५) आणि स्प्लेंडर (१९९४) या गाड्या नवशिक्यासाठी सोन्यासारख्या. पुण्याच्या आकुर्डीत आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) वाळूजला कारखाने असलेल्या बजाजच्या शंभर सीसीच्या गाड्याही तशाच सरळ. स्प्लेंडरचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद, पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, सगळं मिळून ९७.२ सीसी. ही जात निघाली होंडाच्या कब या छोट्या गाडीच्या घराण्यातून. ती १९५८ मध्ये जपानात आली आणि २०१७ पर्यंत जगभरात दहा कोटींच्या वर बनली. इतक्या हातांनी उघडलेलं इंजिन दुसरं क्वचितच असेल. त्यामुळे त्याचे पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतात आणि त्याचे आजार सगळ्या मेकॅनिकांना तोंडपाठ असतात. यामाहा आरएक्स १०० वर पोरांचा जीव असतो हे मला माहीत आहे, पण ती टू-स्ट्रोक आहे. तिच्या पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, तिचं सगळं तंत्र निराळं. ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी.

बंद गाडी गॅरेजात ढकलत नेली की मेकॅनिक पहिल्यांदा विचारतो, करंट येतोय का? मग, पेट्रोल येतंय का? मग किकवर पाय ठेवून कॉम्प्रेशन बघतो. या तीन प्रश्नांबाहेर इंजिनात फारसं काही नाही. पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात आली पाहिजे, ती नीट दाबली गेली पाहिजे आणि ठरल्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. पडून राहिलेल्या गाडीत यांतलं पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलेलं असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, म्हणून कार्बोरेटरपाशी जरा रेंगाळू.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू सोडवले की दोन-तीन चमचे पेट्रोल मावेल एवढी जागा दिसते. तिच्यात फ्लोट असतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि टोकदार पिनेने वरची वाट बंद करतो. पेट्रोल उतरलं की वाट पुन्हा उघडते. विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने १८९३ च्या सुमारास फ्लोट आणि जेटचा कार्बोरेटर बनवला, आणि सिल्वासातल्या स्प्लेंडरमध्ये तीच युक्ती आजही चालू आहे. वाटीच्या वरून हवेचा बोगदा जातो, मधोमध चिंचोळा. पात्र अरुंद झालं की दमणगंगेचं पाणी जसं धावत सुटतं, तशी त्या चिंचोळ्या जागी हवा धावते. आणि तिथे एक अजब गोष्ट घडते. हवेचा वेग वाढला की तिचा दाब उतरतो. व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी अरुंद नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास मांडला, म्हणून त्या बोगद्याला त्याचं नाव.

आता वाटीत बघा. तिथल्या पेट्रोलवर बाहेरच्या वातावरणाचा पूर्ण दाब आहे, चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. वर बोगद्यात दाब कमी, खाली जास्त. मग पेट्रोल जेटमधून आपोआप वर चढतं आणि धावत्या हवेत फवारलं जातं. आपण म्हणतो की इंजिन पेट्रोल ओढतं. खरं तर आपल्या डोक्यावरचं सगळं वातावरण त्याला खालून ढकलत असतं!

हे एकदा मनात बसलं की एक जुनं कोडं सुटतं. कित्येक जुन्या गाड्या पाच-सात किलोमीटर छान चालतात आणि मग गचके खात बंद पडतात. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, पैसे घालतात. दोष असतो टाकीच्या झाकणात. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती मातीने बुजली की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे यायचं थांबतं. बंद पडलेल्या जागीच झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर रोग सापडला. औषध म्हणजे एक टाचणी.

जेट दोन असतात. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरच्या आतबाहेर, पायलट जेटचं त्याच्या निम्म्याहूनही बारीक. गाडी स्लो स्पीडवर उभी असताना सगळा कारभार पायलट जेटकडे असतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळत नेला की आधी गोल स्लाइड आणि तिची निमुळती सुई वर उचलली जाते, आणि पूर्ण पिळला की मेन जेट मोकळा होतो. म्हणून गाडी कुठे अडते यावरून कुठलं भोक बुजलंय ते न उघडता सांगता येतं. चोक दिल्यावरच चालू राहते, चोक काढला किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद पडते, पण एकदा स्पीड धरला की ठीक पळते? पायलट जेट. स्लोला शांत उभी राहते, पण खानवेलच्या रस्त्यावर चढ लागला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि गाडी उचलतच नाही? मेन जेट बघा. निदानाची ही रीत मला फार सुंदर वाटते. चार इंच उंचीच्या भांड्यातला बिघाड तुम्ही गाडीवर बसून, मनगटाच्या कोनावरून ओळखता.

पायलट जेट खोलून उजेडाकडे धरा. चांगल्या जेटमधून टाचणीच्या टोकाहून बारीक, पण स्वच्छ गोल उजेड दिसतो. पडून राहिलेल्या गाडीच्या जेटमधून काहीच दिसत नाही. तो बुजलेला असतो पेट्रोलनेच. पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. वाटीत ते महिनोन्‌महिने राहिलं की त्यातला हलका, पटकन पेट घेणारा भाग उडून जातो. मागे राहिलेल्याशी हवेतला ऑक्सिजन संयोग करतो आणि पिवळट, चिकट राळ तयार होते. वाटी उघडल्यावर वॉर्निशसारखा आंबूस वास आला की समजावं, पेट्रोल शिळं झालंय. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारावा, वेळ द्यावा, आणि राळ हट्टी असेल तर वायरीतली तांब्याची एकच तार काढून ती हलक्या हाताने भोकातून फिरवावी. लोखंडी तार नको, कारण पितळ मऊ असतं. भोक केसभर रुंद झालं की तो जेट कायमचा बदलला. कडेचा हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो किती फेऱ्यांत आत बसतो ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर.

पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनाऐवजी आकारमानात बघितलं तर डोळे विस्फारतात. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. बाटलीभर पेट्रोलचा विचार करणारे आपण या हवेचा विचारच करत नाही, आणि एअर फिल्टर वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. धुळीने फिल्टर कोंडला की हवा कमी पडते, पेट्रोल वरचढ होतं, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. कारखान्यांच्या भागात ट्रक-टेम्पोच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडून बघा, काय निघतं ते.

या हिशेबात अलीकडे एक नवी भानगड आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक ग्रॅमला नऊच ग्रॅम. मिश्रणाचा हिशेब १४.७ वरून साडेतेराच्या जवळ येतो. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र जुन्याच हिशेबाने पाडलेलं आहे, त्याला बातमी कळत नाही. म्हणून जुनी गाडी नव्या पेट्रोलवर थोडी सुकी (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते, पिकअप घेताना अडखळते. स्लोचा त्रास हवेचा स्क्रू जरासा फिरवून बऱ्याचदा भागतो. जुने रबरी पाइप, ओ-रिंगा, वॉशर मात्र इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. गाडी घरी आल्या आल्या ते बदलून टाकावेत, किंमत किरकोळ असते.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे त्याला पाणी आवडतं. आणि पाण्याला सिल्वासात तोटा नाही. मराठी माणसाला हे गाव ठाऊक असतं ते २ ऑगस्ट १९५४ मुळे, पोर्तुगिजांच्या ताब्यातून ते सोडवायला गेलेल्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. तो लढा ऐन पावसाळ्यात झाला. जून ते सप्टेंबर इथे दोन मीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि हवाच ओली होऊन जाते. अर्धी भरलेली लोखंडी टाकी दिवसा तापते, रात्री निवते. निवताना आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर पाझरतं, थेंब खाली उतरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि तिथे गंज धरतो. गंजाचे कण टाकीखालच्या कॉकमधून कार्बोरेटरात, कार्बोरेटरातून जेटमध्ये. तुम्ही जेट साफ करता, गाडी चालू होते, आठवड्याने पुन्हा तीच रड. म्हणून टाकीत टॉर्च मारून बघितल्याशिवाय कार्बोरेटरला दोष देऊ नये. तळ तांबडा दिसला तर टाकी उतरवा, पेट्रोल पूर्ण काढा, टाकी वाळू द्या, आत मूठभर नट टाकून हलवा. मग पांढरं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा. त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल गंज विरघळवतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच सुकवायची, नाहीतर धुतलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. आणि कॉक-कार्बोरेटरच्या मधे पेट्रोलचा छोटा फिल्टर लावायचा.

आता करंट. बॅटरी पार बसलेली असतानाही जुनी हीरो होंडा किकवर चालू होते, हे कित्येकांनी पाहिलेलं असतं, पण त्यामागचं नवल लक्षात येत नाही. किक मारताच मॅग्नेटचं चाक कॉइलभोवती फिरतं, आणि बदलत्या चुंबकामुळे तारेत वीज उभी राहते. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवून दिलेली हीच ती गोष्ट. म्हणजे प्लगमधली पहिली ठिणगी तुमच्या पायाने पाडलेली असते. ती वीज कॉइलमधून जाताना हजारो व्होल्टची होते, कारण प्लगच्या टोकाशी तिला सहा-सात दशांश मिलिमीटरची दरी ओलांडायची असते.

प्लग बाहेर काढून, कॅपला लावून, इंजिनच्या धातूला टेकवून किक मारायची आणि ठिणगी बघायची ही रीत सगळ्यांना माहीत आहे. (प्लगचं भोक आणि सांडलेलं पेट्रोल यांपासून लांब धरा, आणि हात कोरडे असू द्या.) पण इथे एक फसगत आहे. उघड्या हवेत ही दरी ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. आत दाबलेल्या हवेत तीच दरी कितीतरी पटीने अवघड होते. म्हणून बाहेर बारीक, पिवळी ठिणगी देणारी दमलेली कॉइल आत गेल्यावर हात टेकते. ठिणगी निळसर, जाड आणि टचकन आवाज करणारी हवी. प्लगचा रंगही वाचायला शिका. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक म्हणजे हवा जास्त आणि इंजिन तापतंय. ओला म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, पेट घेत नाही.

तिसरा प्रश्न कॉम्प्रेशनचा, आणि गाडी घ्यावी की सोडावी ते ठरतं इथे. किक हलकेच दाबत न्या. एका जागी तिने पायाला अडवलं पाहिजे. पाय अलगद खाली गेला तर आतली हवा कुठून तरी निसटतेय. कुठून? प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा किक दाबा. आता किक घट्ट लागली तर ऑइलने पिस्टन रिंगांच्या फटी बुजवल्या, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजलेत आणि खर्च मोठा आहे. काहीच फरक पडला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. एक चमचा ऑइल आणि हेड न खोलता एवढं निदान!

व्हॉल्व्हचा दोष कधी कधी फुकटात सुटतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली फट असते, तिला टॅपेट क्लिअरन्स म्हणतात. या गाड्यांत ती एक दशांश मिलिमीटरहूनही कमी, माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. इंजिन तापलं की धातू लांबतो, त्याच्यासाठी सोडलेली ही जागा. वर्षं जातात तसा व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत जातो आणि फट मिटत येते. मग तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. सकाळी चालू होणारी गाडी दुपारी गरम असताना चालू होत नाही, याचं हे एक हमखास कारण. थंड इंजिनवर, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वर आलेला असताना, फीलर गेजची पाती फटीत सरकवायची. पाती अडू नये, पण सरकताना बोटाला किंचित ओढ जाणवली पाहिजे. नेमकं माप गाडीच्या पुस्तकातून घ्या. ती ओढ एकदा बोटांना कळली की विसरत नाही. स्लो स्पीडला मिनिटाला १,४०० फेरे धरले, तर ही केसभर फट सेकंदाला बारा वेळा मिटते आणि उघडते.

आणि या सगळ्याच्या आत काय चाललेलं असतं? जळत्या मिश्रणाचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन वितळत नाही. जाळ टिकतो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच, धातूला लगटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर राहतो, पाठोपाठ ताजी गार हवा येते आणि बाहेरच्या फिन्सवरून वारा उष्णता नेतो. चिखलाने भरलेल्या त्या फिन्स खरवडून साफ करण्याचं कामही म्हणूनच इंजिनचंच काम आहे. ऑइलही तेवढंच मोलाचं. बऱ्याच काळाने चालू करायच्या गाडीचं ऑइल पहिल्या किकच्या आधी बदला. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. मोटरसायकलचंच ऑइल घाला. याच ऑइलमध्ये क्लच प्लेटाही बुडालेल्या असतात, आणि कारच्या अतिगुळगुळीत ऑइलने त्या घसरतात.

इंजिन धडधडलं की लगेच रस्त्यावर काढायचा मोह होतो. तो आवरा. ब्रेक शू आधी बघा, त्यांची धूळ फुंकून उडवू नका, जुन्या शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कागदपत्रं मात्र पैसे देण्याआधीच. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी वलसाडची किंवा वसईची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि नाव बदलायला फॉर्म २९ व ३० विकणाऱ्याच्या सहीसकट हातात घ्या. चांगली चालणारी, पण दुसऱ्याच्या नावावरची गाडी ही तुमची गाडी नव्हे.

आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची वेळ आली, तर एवढं करा. टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत ओली हवा राहणार नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. पाऊस सरल्यावर कॉक उघडा, वाटी भरू द्या आणि किक मारा.